एका सॉकेटचे पोटभाडेकरू : वसतिगृहातल्या जाळ्यांचा एक छोटा इतिहास

इंटरनेटचा इतिहास म्हटलं की समुद्राखालच्या केबल, लष्कराचा पैसा, मोठ्या प्रयोगशाळा हेच डोळ्यांसमोर येतं. आज आपण त्यातलं काहीच बघणार नाही. आज बघायची आहे अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली, साधारण १९९५ ते २००५ या काळातली. दोन पलंग, दोन टेबलं आणि भिंतीत नेटवर्कचं एक सॉकेट. प्रश्न एवढाच, की या सॉकेटमागे नक्की किती जण आहेत?

आपल्याला पोटभाडेकरू हा शब्द चांगला माहीत आहे. घरमालकाच्या वहीत नाव एकाचं, राहतो दुसराच किंवा दोघंतिघं. मालकाला भाडं वेळेवर मिळतं, तरी त्याची झोप उडते, कारण काही बरंवाईट झालं तर पोलिसांना नाव कुणाचं सांगायचं? विद्यापीठांच्या संगणक विभागांची या काळात अगदी हीच अवस्था होती. त्यांनी पोटभाडेकरू शोधण्याच्या ज्या युक्त्या काढल्या, त्यांतल्या काही आजही आपल्या खिशातल्या फोनवर वापरल्या जातात. पण ते शेवटी.

सुरुवात आधीची आहे. डार्टमथ कॉलेजने १९८४ च्या सुमारास वसतिगृहांतून तारा फिरवल्या आणि नव्या विद्यार्थ्यांनी मॅकिंटॉश घ्यावा अशी शिफारस केली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये त्याच दशकात 'अँड्र्यू' हा प्रकल्प चालू होता. तिथल्या कॉलेजांत पुढे एक घोषणाच झाली, की जितक्या उशा तितकी सॉकेटं. म्हणजे खोलीत दोघं झोपत असतील तर भिंतीत दोन सॉकेटं हवीत. ऐकायला गंमत वाटते, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. एक माणूस, एक उशी, एक सॉकेट, एक संगणक. पुढचा सगळा गोंधळ हे गृहीतक मोडल्यामुळे झाला.

हे समीकरण कागदावर कसं टिकवायचे? प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. सहा बाइटचा. विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला हा क्रमांक नोंदवायचा आणि मग त्याच्या यंत्राला आयपी पत्ता मिळायचा. पत्ते आपोआप वाटणाऱ्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. टेक्सासमधल्या साउथवेस्टर्न युनिव्हर्सिटीने १९९९ मध्ये 'नेटरेज' नावाची व्यवस्था मांडली. तिच्यात नोंद न झालेल्या यंत्रावर कुठलीही साइट उघडली तरी नोंदणीचंच पान समोर यायचं. आज रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात वाय-फाय लावलं की आधी नंबर विचारणारं पान येतं ना, त्याच जातीचं. विद्यार्थ्याने नाव भरलं की मॅक पत्ता व्यवस्था स्वतःच टिपायची आणि वहीत एक ओळ तयार. या क्रमांकाचं यंत्र अमुक विद्यार्थ्याचं.

आता याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. इंटरनेटचे पत्ते ३२ बिटचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं होतं. मे १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस या दोघांनी आरएफसी १६३१ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. कल्पना सोपी. आतल्या अनेक यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे, बाहेर जाताना दारावरच्या पेटीने ते पुसून आपला एकच पत्ता लिहायचा, उत्तर आलं की कुणाचं होतं ते आठवून आत द्यायचं. याचं नाव नॅट. लेखकांनी स्वतः याला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. त्यानंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ आला आणि १९२.१६८ ने सुरू होणारे वगैरे पत्ते खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले गेले.

थोडक्यात, पोटभाडेकरू ठेवण्याची सोय खुद्द इंटरनेटच्या अभियंत्यांनीच करून दिली होती, आणि तीही टंचाईवरचा उपाय म्हणून. टंचाई सगळीकडे सारखी मात्र नव्हती. एमआयटीकडे १८ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते होते. २०१७ मध्ये त्यांनी त्यांतले बरेच विकायला काढले, तेव्हा सांगितलं की सुमारे १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेच गेले नव्हते. असं घबाड ज्यांच्याकडे नव्हतं, ती कॉलेजं मात्र एकेका विद्यार्थ्याला एकेक पत्ता मोजून देत होती.

विद्यार्थ्यांच्या हाती ही सोय कशी पोचली? आधी लिनक्सवाल्यांच्या हाती. जुना संगणक, दोन नेटवर्क कार्डं आणि 'आयपी मास्करेड' नावाची सोय, की झाली पेटी तयार. हे करणारे मजल्यावर एखाददोघंच असायचे. १९९९ मध्ये विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात इंटरनेट कनेक्शन शेअरिंग आयतं मिळालं. मग लिंक्सिससारख्या कंपन्यांच्या छोट्या निळ्या-काळ्या पेट्या दुकानात आल्या. मागे एक सॉकेट बाहेरच्यासाठी, चार आतल्यांसाठी. आता यासाठी संगणकशास्त्राचा विद्यार्थी असण्याची गरज उरली नाही.

विद्यापीठांच्या नियमावलीत या पेटीवर बंदी आली. आपल्याकडे विजेच्या तारेवर आकडा टाकतात, तसाच हा प्रकार समजला गेला. मला ही तुलना पूर्ण पटत नाही. आकडा टाकणारा मीटरच्या अलीकडूनच वीज उचलतो. इथे खोलीला १० मेगाबिटची तार दिलेली आहे, चौघांनी वापरली तरी तिच्यातून १० मेगाबिटच जाणार. अर्थात संगणक विभागाचीही एक बाजू होती. विद्यापीठाची बाहेर जाणारी लाइन अनेक ठिकाणी टी-३, म्हणजे ४५ मेगाबिटची, आणि ती हजारो विद्यार्थ्यांत वाटलेली. सगळ्यांनी आपापली तार एकाच वेळी भरून वापरायची नाही, या भरवशावर ते गणित उभं होतं. एका तारेमागे चार जण बसले की तार रिकामी राहण्याची वेळ कमी होते. पण माझ्या मते बंदीमागचं खरं कारण वेग हे नव्हतंच. कारणं दोन होती. एक अपघात आणि एक नाव.

अपघात आधी सांगतो, कारण तो फार मजेशीर आहे आणि या काळात नेटवर्क सांभाळलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल. मी म्हटलं, पेटीच्या मागे एक सॉकेट बाहेरचं आणि चार आतली. दिसायला सगळी सारखी. मुलगा घाईत भिंतीतली केबल चारांपैकी एकात घालतो. पेटीचं काम काय? घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं. आता तिच्या दृष्टीने अख्खा मजला हेच तिचं घर. शेजारच्या खोलीतला लॅपटॉप सुरू होतो आणि तारेवर ओरडतो, 'कुणी पत्ता देता का पत्ता?' विद्यापीठाचा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत, ही पेटी भिंतीपलीकडे. पेटी आधी उत्तर देते. लॅपटॉप बिचारा १९२.१६८.१.१०० वगैरे पत्ता घेऊन बसतो आणि बाहेर जायचा रस्ता म्हणून १९२.१६८.१.१ कडे, म्हणजे त्या पेटीकडे बघतो. पेटीच्या बाहेरच्या सॉकेटात तर काहीच लावलेलं नाही. रस्ता तिथेच संपतो.

यातली गोम अशी, की सगळ्यांचं इंटरनेट एकदम जात नाही. ज्यांची यंत्रं आधीपासून चालू आहेत, ती पत्त्याची मुदत वाढवून घेताना आपल्या जुन्या सर्व्हरलाच विचारतात, म्हणून त्यांचं चालू राहतं. यंत्र बंद करून पुन्हा लावणारा अडकतो. म्हणजे तक्रार केली, मदतकेंद्राने नेहमीसारखं 'एकदा बंद करून चालू करा' सांगितलं, की चालणारंही बंद पडायचं! दुपारपर्यंत अर्धा मजला बंद, अर्धा चालू, आणि कुणाचं का चालतंय याला काही हिशेब नाही.

माग काढायची पद्धत ठरलेली होती. तंत्रज्ञ त्या मजल्यावर लॅपटॉप घेऊन जायचा आणि मुद्दाम तो चुकीचा पत्ता स्वतः घ्यायचा. मग १९२.१६८.१.१ ला हाक मारायची. उत्तर आलं की त्या पेटीचा मॅक पत्ता आपल्या यंत्राच्या तक्त्यात उमटतो. मॅक पत्त्याचे पहिले तीन बाइट म्हणजे कारखान्याचं नाव, ते आयईईई या संस्थेकडे नोंदलेलं असतं. त्यावरून 'हा संगणक नाही, ही राउटर बनवणाऱ्या कंपनीची पेटी आहे' एवढं लगेच कळतं. पुढचा प्रश्न मजल्यावरच्या स्विचला. हा क्रमांक तुझ्या कुठल्या तोंडातून येतोय? स्विच म्हणतो, सतरा. सतरावरची तार पॅनेलवर कुठे जाते, तो खण कुठल्या खोलीचा, हे वहीत. मग दार वाजवायचं. जिथे असा हुशार स्विच नव्हता, नुसता हब होता, तिथे काम अजून ढोबळ. एकाने लॅपटॉपवर पेटीला हाका मारत बसायचं, दुसऱ्याने कपाटात उभं राहून एकेक केबल उपटायची, आणि उत्तर थांबलं की 'हीच!' म्हणून ओरडायचं.

या प्रकरणात वाईट हेतू जवळपास कधीच नसायचा. ज्याची पेटी, त्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसायचं की मजला आपल्यामुळे बंद आहे. पुढे स्विचमध्येच अशी सोय आली की पत्ते वाटणारं उत्तर फक्त ठरलेल्या तोंडातून आलं तरच पुढे सोडायचं. त्याबरोबर हा अपघात हळूहळू इतिहासजमा झाला.

आता दुसरं कारण, नाव. इथे विषय जरा गंभीर होतो.

१९९८ मध्ये अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा झाला. पुढच्याच वर्षी नॅपस्टर आलं आणि वसतिगृहांच्या तारा गाण्यांनी भरून गेल्या. हक्कधारकांकडून विद्यापीठाला नोटीस यायची. अमुक तारखेला, अमुक वाजता, तुमच्या अमुक आयपी पत्त्यावरून अमुक गाणं वाटलं गेलं. विद्यापीठ वही उघडायचं. त्या वेळी तो पत्ता कुठल्या मॅककडे होता, ते मॅक कुणाच्या नावावर आहे. एक नाव निघायचं. एप्रिल २००३ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, चार विद्यार्थ्यांवर थेट खटले भरले. प्रिन्स्टनचा एक, मिशिगन टेकचा एक आणि रेन्सेलिअरचे दोन. ते कॅम्पसच्या जाळ्यावर फायली शोधण्याच्या सोयी चालवत होते. महिन्याभरात १२,००० ते १७,५०० डॉलर देऊन तडजोडी झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २६१ जणांवर खटले आले. फेब्रुवारी २००७ मध्ये आरआयएएने १३ विद्यापीठांकडे ४०० पत्रं पाठवली, त्यांत मजकूर असा की खटल्याआधीच मिटवून टाका. तडजोड साधारण ३,००० डॉलरच्या घरात व्हायची.

विद्यार्थ्याला ३,००० डॉलर म्हणजे काय, हे बाहेर शिकायला गेलेल्या कुणाच्याही आईवडिलांना विचारा. आणि आता ती पेटी आठवा. नोटिशीत पत्ता आहे, वहीत नाव आहे, पण त्या नावामागे चार जण आहेत. कुठली जोडणी आतल्या कुठल्या यंत्राची होती, हे पेटीला तेवढ्यापुरतंच आठवतं. जोडणी संपली की थोड्या वेळात ती ओळ पुसली जाते, आणि स्वस्त घरगुती पेटी त्याची कायमची नोंद ठेवत नाही. नोटीस हातात पडेपर्यंत कित्येक दिवस किंवा आठवडे गेलेले. म्हणजे ज्याच्या नावाने नोंदणी, त्याच्या गळ्यात. खोलीतल्या मित्राने कबूल केलं तर ठीक. म्हणून संगणक विभागाच्या त्या त्रासिक नियमात, 'एक सॉकेट, एक यंत्र', विद्यार्थ्याचं थोडं संरक्षणही होतं असं मला वाटतं. ते तसं कुणी समजावून सांगितलं असेल का, याची मला शंका आहे. नियमावलीची भाषा धाकाचीच होती.

बरं, मग पेटी शोधायची कशी? अपघात झाला तर ती स्वतःच ओरडून सांगते. पण नीट जोडलेली पेटी गप्प असते. मॅकवरून ओळखावं तर बाजारात येणाऱ्या पेट्यांमध्ये 'मॅक क्लोन' असं एक बटणच असायचं. दाबलं की पेटी तुमच्या नोंदलेल्या संगणकाचा क्रमांक धारण करते. आपल्याकडे केबलवाल्याच्या इंटरनेटला 'मॅक बाइंडिंग' असायचं, तेव्हा नवा राउटर लावताना हेच बटण अनेकांनी दाबलेलं असेल.

मग शोध पाकिटाच्या आत सुरू झाला. प्रत्येक आयपी पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. १९८१ च्या आरएफसी ७९१ पासून तो आहे. उद्देश एवढाच की वाट चुकलेलं पाकीट जाळ्यात कायम फिरत राहू नये. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झालं की पाकीट टाकून देतो. आता विंडोज सुरुवात करतं १२८ पासून, लिनक्स आणि मॅक ६४ पासून. वसतिगृहाच्या तारेवरून थेट आलेल्या पाकिटावर १२८ किंवा ६४ दिसायला हवं. १२७ किंवा ६३ दिसलं तर? मध्ये कुणीतरी एक वजा केलेला आहे. खोलीत राउटर आहे.

किती सोपं! पण बघा, हा आकडा कुणी साक्ष देण्यासाठी ठेवलेला नव्हता. आणि साक्ष म्हणून तो कच्चाही होता. १९९९ पासून व्हीएमवेअरसारख्या प्रोग्रॅममुळे एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवता येऊ लागला. अभ्यासासाठी तसा चालवणाऱ्या मुलाची पाकिटंही एक कमी होऊन येऊ शकतात. एकाच यंत्रावर सकाळी विंडोज आणि रात्री लिनक्स वापरणाऱ्याकडून कधी १२८ तर कधी ६४ येणार, म्हणजे वरवर बघणाऱ्याला दोन यंत्रं. आणि लिनक्सवाल्यांनी तर उपाय लगेच काढला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल पुन्हा ठरावीक आकड्यावर आणायचा. एका ओळीची आज्ञा.

सगळ्यांत देखणी युक्ती स्टीव्ह बेलोविन यांची. ते तेव्हा एटी अँड टीच्या संशोधन विभागात होते. नोव्हेंबर २००२ मध्ये मार्सेय इथल्या परिषदेत त्यांनी निबंध मांडला, विषय नॅटमागची यंत्रं मोजण्याचं तंत्र. पाकिटावर १६ बिटचा एक ओळखक्रमांक असतो, ० ते ६५,५३५. पाकिटाचे वाटेत तुकडे झाले तर ते पुन्हा जुळवता यावेत म्हणून. अनेक यंत्रणा हा क्रमांक साध्या मोजणीने देत. प्रत्येक पाकिटाला एक वाढवायचा. नॅटची पेटी पत्ते बदलते, पण हा क्रमांक सहसा तसाच सोडते. मग आलेखावर आडवी वेळ आणि उभा हा क्रमांक मांडला, की एका पत्त्यावरून येणाऱ्या ठिपक्यांच्या चढत्या रेघा दिसतात. रेघा तीन, तर आत यंत्रं तीन. दोन गवळी एकाच नावाने दूध घालतात, पण आपापल्या बिलांवर क्रमांक आपापले टाकतात, तसं काहीसं.

याच्याही मर्यादा होत्या आणि त्या त्याच निबंधात आहेत. ओपनबीएसडी हे क्रमांक मुद्दाम विस्कळीत करायचं, लिनक्स बऱ्याच पाकिटांवर शून्य लिहायचं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बेलोविन मोजत होते. इंटरनेटवर खरी यंत्रं किती आहेत याचा अंदाज करायचा, तर चार रेघांऐवजी तीन दिसल्या तरी फार बिघडत नाही. एखाद्या मुलाचं कनेक्शन तोडायचं असेल तर मात्र बिघडतं. मोजण्याचं हत्यार पकडण्यासाठी वापरलं की त्याच्याकडून अपेक्षित असलेली अचूकता बदलते. २००५ मध्ये कोनो, ब्रॉइडो आणि क्लॅफी यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित पुढे किंवा मागे पडतं, आणि ते किती हे टीसीपीच्या वेळशिक्क्यांवरून दुरूनच कळतं. त्यावरूनही नॅटमागची यंत्रं वेगळी काढता येतात असं त्यांनी दाखवलं.

मध्येच एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ११ ऑगस्ट २००३ ला ब्लास्टर हा किडा सुटला. विंडोजमधल्या एका दोषातून, पोर्ट १३५ वरून तो आपोआप आत शिरायचा. दोन आठवड्यांत अमेरिकेतली विद्यापीठं सुरू होणार, हजारो मुलं सुट्टीवरून संगणक घेऊन परतणार. वसतिगृहांत तार लावताच यंत्र बाधित होऊ लागलं. आणि सुरक्षित कोण राहिलं? बंदी घातलेल्या पेटीमागे बसलेले! कारण नॅटची पेटी आतून कुणी न मागवलेलं पाकीट आत सोडतच नाही. नियम पाळणारा थेट तारेवर उघडा, नियम मोडणारा भिंतीआड. विंडोज एक्सपीत फायरवॉल आपोआप चालू राहायला ऑगस्ट २००४ उजाडावा लागला.

नंतर वाय-फाय आलं आणि पोटभाडेकरू भिंतीपलीकडेही जाऊ लागले. कार्नेगी मेलनसारख्या ठिकाणी विद्यापीठाचं स्वतःचं बिनतारी जाळं तयार होतं, पण अनेक वसतिगृहांत नव्हतं. तिथे मुलांनी आपापली यंत्रं लावली. जुन्या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न करणारी वाहिनी तीनच, १, ६ आणि ११. मजल्यावर पंधरा यंत्रं म्हणजे मासळीबाजार. विद्यापीठांना विकल्या जाणाऱ्या वाय-फाय व्यवस्थांमध्ये अनधिकृत यंत्राला जोडलेल्यांना खोटे निरोप पाठवून तोडायची सोय असायची. तिला चाप बसला तो एका हॉटेलमुळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियटने पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच तोडल्याबद्दल ६ लाख डॉलर भरायचं मान्य केलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने जाहीर इशारा दिला की असा अडथळा बेकायदा आहे.

पण तोवर मूळ प्रश्नच विरघळत चालला होता. एका विद्यार्थ्याकडे फोन, लॅपटॉप, टॅबलेट, गेमचं यंत्र. उशीमागे एक सॉकेट हे गणित कुणी धरून ठेवणार? जाळ्यांनी सॉकेट मोजणं सोडून खातं मोजायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपल्या नावाने आणि पासवर्डने आत यायचं, मग यंत्रं कितीही असोत. युरोपात २००३ मध्ये सुरू झालेलं एडुरोम हे याच विचाराचं, त्यात तर परक्या विद्यापीठातही आपल्याच नावाने जोडता येतं.

पाठलाग संपला मात्र नाही. चीनमधल्या अनेक विद्यापीठांत जोडणीसाठी खास प्रोग्रॅम लावावा लागतो, आणि तो संगणकावरून कनेक्शन वाटलं जातंय का हे बघतो. तिथली मुलं ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारे राउटर घेतात, टीटीएल एका आकड्यावर बांधतात आणि ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो तीही सगळ्यांची सारखी करून टाकतात. आणि सुरुवातीला म्हटलं ते तुमच्या खिशातल्या फोनबद्दल : फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडला की लॅपटॉपचं पाकीट फोनमधून जाताना एक वजा होतं. काही देशांतल्या मोबाइल कंपन्यांनी हॉटस्पॉटचे वेगळे पैसे लावण्यासाठी हाच एक मोजला. त्यावर लोकांनी काढलेली पळवाट म्हणजे लॅपटॉपवर टीटीएल आधीच ६५ ठेवणं, म्हणजे फोनमधून बाहेर पडताना तो ६४ होतो, जणू फोनचंच पाकीट.